कातडीचा रंग आणि माय-लेकी

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



डॉ. राममनोहर लोहियांनी मांडलेल्या सप्तक्रांतीची यादी आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पहिली क्रांती स्त्री-पुरुष समतेची, दुसरी कातडीच्या रंगावर उभ्या असलेल्या विषमतेविरुद्धची, तिसरी जातिव्यवस्थेविरुद्धची. आपल्या अभ्यासवर्गांत पहिलीवर आणि तिसरीवर तासन् तास चर्चा होते. दुसरीची पाळी आली की आपण दक्षिण आफ्रिकेचे आणि अमेरिकेचे नाव घेतो. १९६४ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात एका उपाहारगृहाने लोहियांना प्रवेश नाकारला आणि त्यांनी माघार न घेता अटक पत्करली, ही आठवण अभिमानाने सांगतो. आणि पुढच्या कलमाकडे वळतो. जणू काही हे कलम परराष्ट्र धोरणाचे आहे!

आज मला हे कलम परदेशातून उचलून आपल्या न्हाणीघरात आणावयाचे आहे. त्याला आधारही लोहियांचाच आहे. सौंदर्य आणि कातडीचा रंग या विषयावर त्यांनी १९६० साली एक निबंध लिहिला. राजकारणात गुंतलेल्या माणसाने असल्या नाजूक विषयात का पडावे, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण त्यांचे प्रतिपादन पूर्णपणे राजकीय होते. गोऱ्या युरोपने जगावर शतकानुशतके राज्य केले म्हणून गोरेपण सुंदर ठरले. आफ्रिकेने राज्य केले असते तर सौंदर्याची फूटपट्टी वेगळी झाली असती, असे त्यांचे म्हणणे. सौंदर्याची आवड ही आपली खासगी बाब आहे असे आपल्याला वाटते, परंतु तीही सत्तेच्या टाकसाळीतून पडलेली असते. हा धागा मान्य केला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. साम्राज्य गेले, तरी त्याची फूटपट्टी घरात कोणाच्या हाती राहिली? उत्तर अवघड आहे, कारण ती आईच्या हाती राहिली.

बाळंतिणीच्या खोलीत पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी’ हा असतो. मुलगी म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचारला जातो, ‘रंग कसा आहे?’ मुलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जात नाही असे नाही. पण त्याच्या उत्तरावर काही अवलंबून नसते. मुलीच्या बाबतीत त्या एका शब्दाने खोलीतील हवा बदलते. ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’, ‘जरा दबलेला’. शब्दांची ही उतरंड आपण किती बारकाईने घडवली आहे पाहा! गोरेपणाच्या खाली प्रत्येक पायरीला एक दिलाशाचा शब्द आहे, आणि दिलासा द्यावा लागतो याचाच अर्थ काही तरी गमावले आहे. हा दिलासा ऐकणारी पहिली व्यक्ती ती बाळंतीणच. गरोदरपणी केशराचे दूध घेतले नाही का, असेही तिलाच विचारतात. रंग ठरविणारी जनुके अनेक असतात आणि ती दोन्ही पालकांकडून येतात, केशराचा त्यात काडीचाही वाटा नाही. परंतु विज्ञानाला त्या खोलीत प्रवेश नसतो. मुलगी काळी जन्मली, तर ती आईची चूक ठरते. म्हणजे माय-लेकीच्या नात्याचा आरंभच या प्रसंगी एका आरोपाने होतो, आणि आरोपी आई असते.

मग दुरुस्ती सुरू होते. डाळीचे पीठ, साय, हळद, मसुराच्या डाळीचे वाटण. तान्ह्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालणे ही आपल्याकडील मायेची सर्वांत जुनी खूण. त्याच हाताने, त्याच पाटावर बसवून आई मुलीचा रंग घासू लागते. मुलीला यातले कळत नाही असे समजू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलीला आईचा हात केव्हा माया करतो आणि केव्हा दुरुस्ती करतो यांतला फरक चांगला कळतो. मानेच्या मागे, कोपरांवर, गुडघ्यांवर हात अधिक जोराने फिरतो. धाकट्या भावाच्या गुडघ्यांना कोणी लिंबाची फोड लावत नाही, हेही तिला दिसत असते. पुढे शाळेत जाऊ लागली की ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ हे वाक्य. या एका वाक्याने किती मुलींचे मैदान सुटले असेल याचा हिशेब कोणत्याही क्रीडा खात्याने केलेला नाही.

येथे काही मित्र नेहमीचा आक्षेप घेतात. हा मध्यमवर्गीय दुखण्याचा प्रकार आहे, म्हणतात. ऊस तोडणाऱ्या बाईला रंगाचे काय पडले आहे? हा आक्षेप घेणाऱ्यांनी उसाच्या फडातील बाईशी या विषयावर कधी बोलून पाहिलेले नसते. मी बोलले आहे. तिच्या लेखी गोरेपणाचा अर्थ आपल्याहून वेगळा आणि अधिक ठोस आहे. गोरी बाई म्हणजे सावलीतली बाई. जिला उन्हात राबावे लागत नाही, जी रापत नाही, जिच्या डोक्यावर छप्पर आणि पंखा आहे ती. आपली मुलगी उजळ असावी असे ही आई म्हणते तेव्हा तिला साम्राज्यवादी सौंदर्यदृष्टीचा मोह पडलेला नसतो. मुलीच्या नशिबी फड नसावा, एवढेच तिला म्हणावयाचे असते. श्रमाला प्रतिष्ठा नसलेल्या समाजात श्रमाची कातडीवरील खूणही लाजेची होते. ही मागणी भाकरीच्या मागणीपेक्षा निराळी नाही हे ज्याला समजत नाही, त्याने वर्गाचे विश्लेषण पुन्हा एकदा मुळापासून करावे.

आणि जात? आपल्या भाषेत ‘वर्ण’ हा एकच शब्द रंगालाही आहे आणि चातुर्वर्ण्यालाही. लग्नाच्या परिचयपत्रकात ‘वर्ण : गोरा’ असे लिहिणाऱ्याला त्या शब्दाचे दुसरे टोक दिसत नसेल, पण ते तेथे आहे. प्रत्यक्षात कोणत्याही गावातील शाळेत मुले रांगेत उभी करा. रंगावरून त्यांची जात सांगणे कोणालाही जमणार नाही. तरीही सवर्ण घरातील काळ्या मुलीला तिची स्वतःची आत्या एखाद्या कनिष्ठ मानलेल्या जातीचे नाव घेऊन ‘अगदी तशी दिसतेस’ म्हणते, आणि गोऱ्या दलित मुलीला वर्गमैत्रीण कौतुकाने सांगते, ‘तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.’ एकीला शिवी मिळाली, दुसरीला प्रशस्तिपत्र. पण दोन्ही वेळा अपमान त्याच जातीचा झाला.

घरातील हाकेचेही असेच. शेतजमिनीला आपण ‘काळी’ म्हणतो आणि गावठाणाला ‘पांढरी’. काळीला शेतकरी आई म्हणतो, तिच्यावर हक्क सांगण्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडतो. त्याच घरात मुलीला ‘काळी’ म्हटले की ती थट्टा असते, आणि रोज झाली की थट्टेचे नाव होते. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ असे नाव ठेवलेल्या २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. चांगले झाले. पण ‘काळी’ हे नाव कोणत्याही दप्तरात नसते, ते फक्त ओसरीवर असते. त्यामुळे कोणताही जिल्हाधिकारी ते बदलू शकत नाही.

सगळ्या माय-लेकींचे दुखणे सारखे नसते, हेही सांगितले पाहिजे. आई गोरी आणि लेक काळी असेल तर बाजारात, लग्नकार्यात, बसमध्ये अनोळखी बायकाही विचारतात, ‘ही तुमचीच का?’ काही वर्षांनी अशी मुलगी आईबरोबर चालताना आपोआप चार पावले मागे राहू लागते. आई काळी आणि लेक गोरी असेल तर शाळेच्या पालकसभेला वडिलांनी यावे, असा मुलीचा हट्ट असतो. आईला कारण कळते आणि ती विचारत नाही. पण सर्वांत गुंतागुंतीचे नाते काळ्या आईचे आणि काळ्या मुलीचे. जिने हा अपमान स्वतः भोगला, तिने तरी मुलीला जवळ घ्यावे, अशी आपली अपेक्षा असते. पुष्कळदा उलट घडते. मुलीकडे पाहिले की तिला स्वतःचे नाकारले जाणे आठवते. ‘माझ्यासारखी झाली’ या तिच्या उद्गारात कौतुक नसते, भीती असते. ती मुलीला गडद रंगाची साडी नेसू देत नाही, फोटोत पुढे उभी राहू देत नाही, आणि हे सर्व मुलीला वाचविण्यासाठी करते. मुलीला मात्र एवढेच समजते की आईला मी लपवावीशी वाटते.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात, एकाच समाजातील उजळ आणि गडद माणसांत होणाऱ्या भेदभावाला ‘कलरिझम’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांना दिले जाते. १९८३ च्या त्यांच्या लेखसंग्रहात तो आहे. टोनी मॉरिसन यांच्या २०१५ सालच्या ‘गॉड हेल्प द चाइल्ड’ या कादंबरीत उजळ रंगाच्या आईला अतिशय काळी मुलगी होते. नवरा घर सोडतो. आई मुलीला आपल्याला आई म्हणू देत नाही, तिला स्पर्श करणे टाळते. ती मुलगी लहानपणी न्यायालयात एका निरपराध स्त्रीविरुद्ध खोटी साक्ष देते, आणि त्याचे कारण काय? साक्ष दिल्यावर आई आपला हात हातात घेईल. या आईचा बचाव आपल्याकडील आयांच्या तोंडी जसाच्या तसा शोभेल : जग हिच्याशी कठोर वागणार, म्हणून मी आधीच कठोर झाले. तेथे यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे, आपल्याकडे लग्नाचा बाजार आहे. परंतु दोन्हीकडे जगाचे काम आईकडूनच करून घेतले गेले आहे.

आता त्या बाजाराकडे येते, कारण सर्व गणित तेथेच सुटते. मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या घरात थोरली सावळी आणि धाकटी उजळ असते, त्या घरात पाहुणे थोरलीला पाहावयास येणार असतील त्या दिवशी धाकटीला मावशीकडे किंवा शेजारी पाठवितात. पाहुण्यांची नजर चुकून धाकटीवर जाऊ नये म्हणून. हा निर्णय घरात कोण घेते? आई घेते, कोणाला काही न सांगता, सकाळीच. संध्याकाळी धाकटी परत येते तेव्हा दोघी बहिणी एकमेकींशी नजर चुकवून जेवतात. आईने दोघींवरही अन्याय करावा असे मुळीच ठरविलेले नव्हते. तिला फक्त एक लग्न जमवायचे होते.

नकार येतो तेव्हा कारण सांगितले जात नाही, पत्रिका जुळत नाही असे सांगितले जाते. आणि होकार येतो तेव्हा रंगाची सूट भरून काढावी लागते. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. त्या कायद्याखाली रंगापोटी वाढविलेल्या तोळ्यांची नोंद कोठे होत नाही, कारण ते ‘आपल्या मुलीसाठी हौसेने घातलेले’ असतात. आईचे दागिने मोडून मुलीच्या अंगावर जातात. आईच्या मनात यातून एक हिशेब तयार होतो आणि मुलीलाही तो ठाऊक असतो.

माझ्या दृष्टीने खरा घाव येथे आहे, आणि त्याविषयी आपण पुरेसे बोलत नाही. आपल्या समाजात विवाहित स्त्रीला एकच आसरा होता, माहेर. आणि माहेर म्हणजे आई. सासरी छळ झाला तर परत येण्याची वाट त्या एका दारातून होती. रंगाने ते दार अर्धे लोटून घेतले. ‘तुझा रंग पाहता हे स्थळ मिळाले हेच नशीब’, हे वाक्य किती आया बोलल्या असतील! बोलताना त्यांना समजूत घालावयाची असते. पण ऐकणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ एवढाच कळतो की परत आलीस तर तुला पुन्हा कोठे देता येणार नाही. ती परत येत नाही. ती सांगतही नाही.

सातारा जिल्ह्यातील एका तरुण विवाहितेचा जानेवारी १९९५ मध्ये मृत्यू झाला. नवरा तिच्या काळ्या रंगावरून बोलत असे, दुसरे लग्न करण्याची धमकी देत असे, सासरा स्वयंपाकावरून टोमणे मारीत असे, अशी तक्रार होती. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली; हे संसारातील कलह आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या पातळीचा छळ यात सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. पुराव्याची शहानिशा करणे माझे काम नाही. मी एवढेच म्हणते की कायद्याने ज्याला छळ म्हणावे इतके मोठे काही घडण्याआधी, एका स्त्रीने पुन्हा पुन्हा ऐकलेला तो शब्द सांगण्यासाठी एकच न्यायासन उपलब्ध असते, आणि ते आईचे असते. तेथेही तिला तोच शब्द लहानपणापासून ऐकू आलेला असेल, तर तिने कोणाकडे दाद मागावी?

बाजाराने या भीतीचा पुरता लाभ उठविला. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम भारतात १९७५ साली विक्रीस आले आणि पुढे छोट्या पुड्यांमधून खेड्यांतील दुकानांच्या दोऱ्यांवर लटकू लागले. त्याच्या एका जाहिरातीत मुलगा नसल्याची खंत करणारा बाप आणि मलम लावून नोकरी मिळविणारी मुलगी दाखविली होती. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालविली आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने आक्षेपार्ह जाहिरातींवर कारवाई केली. ते काम आपल्या पक्षाचे नव्हते, पण त्याचे ऋण मान्य करावयास हरकत नाही. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यानंतर जगभर आवाज उठला, तेव्हा कंपनीने नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. मिनियापोलिसच्या रस्त्यावर माणूस मेला तेव्हा भारतातील मलमाचे नाव बदलले; आमच्या मुलींनी पंचेचाळीस वर्षे जे सोसले, त्याने बदलले नव्हते.

बड्या कंपनीच्या मलमाहून अधिक घातक माल नावागावाशिवाय विकला जातो. त्यात पारा असतो. पारा कातडीतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही आणि शरीरात भिनून मूत्रपिंडावर आघात करतो. २०१३ च्या मिनामाटा करारात अशा प्रसाधनांवर बंदीची तरतूद आहे. तरीही २०२३ साली विदर्भातील एका कुटुंबात रंग उजळविण्याचे मलम वापरून आई आणि दोन मुली अशा तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा मलमात पारा निघाला. त्या बातमीतील औषधशास्त्रापेक्षा माझे मन दुसऱ्या एका गोष्टीपाशी अडले. तिघींनी एकच डबी वापरली होती. मायेने वाटून घेतली होती.

तेव्हा आयांना उपदेश करून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. ‘आयांनो, मुलींवर प्रेम करा’ असे सांगणारा कार्यकर्ता त्यांचा अपमान करतो. त्या प्रेमापोटीच तर हे सर्व करीत आहेत. विठ्ठल काळा, राम सावळा, द्रौपदीचे नाव कृष्णा, अशी यादी वाचूनही काही होत नाही. काळ्या विठ्ठलाच्या पायाशी डोके टेकवून लोक गोऱ्या सुनेसाठी नवस करतात. पाऱ्याच्या मलमांविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी करणे, तालुक्याच्या बाजारातील नमुने तपासावयास लावणे, हे काम आपण उद्यापासून करू शकतो आणि केले पाहिजे. पण मुख्य काम आपल्या हाताशी अधिक जवळ आहे. फूटपट्टी आईच्या हाती असली, तरी मोजून घेणारा दुसराच असतो. तो वराचा बाप असतो, वर असतो. आपल्या पक्षात आंतरजातीय विवाहाचा आग्रह धरणारे कार्यकर्ते आहेत. हुंडा न घेता लग्न केलेलेही पुष्कळ आहेत. त्यांच्यातील किती जणांनी मुलासाठी स्थळे पाहताना ‘बाकी काही नाही, फक्त जरा उजळ हवी’ असे मध्यस्थाला हळूच सांगितले आहे, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

मार्च २०२५ मध्ये केरळच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी आपल्या काळ्या रंगाविषयी झालेल्या शेरेबाजीला जाहीर उत्तर दिले. राज्याच्या प्रशासनातील सर्वोच्च पदावर पोहोचलेल्या या बाईंनी एक गोष्ट सांगितली. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारले होते, मला पुन्हा पोटात घालून गोरी आणि सुंदर करून बाहेर काढता येईल का? पुढे पन्नास वर्षे आपला रंग पुरेसा चांगला नाही या समजुतीखाली आपण जगलो, असे त्यांनी लिहिले आहे. ही समजूत मोडली ती त्यांच्या मुलांनी. जेथे आईला स्वतःला काही सुंदर दिसत नव्हते, तेथे मुलांना सौंदर्य दिसले. मला यात दिसते ते असे की दुरुस्ती खालून वर होऊ शकते. लेक आईला तिचा रंग परत देऊ शकते. आपल्या युवती शाखेतील मुलींनी आपापल्या आयांना एकदा विचारावे की तुला पाहावयास आले तेव्हा काय बोलले होते, कितींनी नाकारले होते, त्या रात्री तू जेवली होतीस का. ती कहाणी आईने आजवर कोणालाही सांगितलेली नसते, आणि ती ऐकल्यावर मुलीला न्हाणीघरातील तो हात निराळा कळू लागतो.

या वर्गाला आज मुलींच्या आया मोठ्या संख्येने आल्या आहेत. पुरुष कार्यकर्ते मागच्या दोन बाकांवर आहेत. पुढच्या वेळी लग्नाच्या वयाचे मुलगे आणि त्यांचे वडील यांना पुढच्या रांगेत बसविण्याची व्यवस्था संयोजकांनी केली, तर हे भाषण मी पुन्हा, जरा वेगळ्या शब्दांत, करावयास तयार आहे.